चारच्या पाढ्यातली नाडी

केदारी सिस्टरांचा हात वाईट, असं आमच्या आरोग्यधामात सर्रास बोललं जायचं. त्यांनी ज्याचं मनगट मिनिटापेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं, तो पेशंट दोन-चार दिवसांत बिघडायचा. हे खोटं नव्हतं. अठरा वर्षं मी त्यांच्याबरोबर नोकरी केली, माझ्या या डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यांचा हात लागला म्हणून माणूस बिघडायचा, की तो बिघडणार हे त्या हाताला आधी कळायचं, एवढा सरळ विचार करायची कुणाची तयारी नव्हती. आणि त्या 'कुणा'मध्ये मी नव्हते असं छातीठोकपणे सांगायला मला तोंड नाही.

खंडाळ्याला घाटाच्या कडेने बंगल्यांची रांग आहे, तिच्या शेवटाला आमचं आरोग्यधाम होतं. मी तळेगावहून तिथे नर्स म्हणून आले तेव्हा सगळे खाटेवरचे क्षयाचे. पुढे औषधं निघाली, क्षयाचे पेशंट कमी झाले, खाटा ओस पडायला लागल्या. मग हृदयाचे पेशंट यायला लागले. एकोणीसशे सत्तरनंतर मुंबईच्या मोठ्या इस्पितळांतून बायपास नावाची शस्त्रक्रिया सुरू झाली. पायातली शीर काढून काळजाला जोडायची. टाके निघाले की पंधराएक दिवसांत माणूस आमच्याकडे हवा खायला यायचा. छातीवर उभा व्रण, पायावर लांबच लांब व्रण, आणि चेहऱ्यावर असा भाव की आता आपण सुटलो.

'सुटलो' हा शब्द केदारी सिस्टरांना आवडत नसे. 'सुटलो म्हणायची घाई करू नये' असं त्या तोंडावर सांगायच्या. नवी शीर चांगली चालते, पण काळीज मेलं महिनाभर रुसून असतं. कधी बिनसेल, कधी ताल सोडून पळत सुटेल, नेम नाही. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, तो मुंबईतच जातो. पण त्यानंतरही भय संपत नाही. हे आमच्या डॉक्टर बापटांना पुस्तकातून ठाऊक होतं. सिस्टरांना बोटांनी ठाऊक होतं.

बाई दिसायला म्हणाल तर काहीच नाही. ठेंगण्या, काळ्या, हाडापेराने मजबूत. पवन मावळातल्या शेतकऱ्याची मुलगी. त्यांचं गाव पुढे धरणाच्या पाण्यात गेलं. लग्न का केलं नाही हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. डोक्यावरची टोपी भाताच्या पेजेची खळ करून स्वतः कडक करायच्या, धोब्याला हात लावू द्यायच्या नाहीत. एप्रनच्या खिशात शेंगदाणे आणि गुळाचा खडा. चहा नाही, पान नाही, गप्पा नाहीत. डॉक्टरांशी आणि पेशंटशी स्वच्छ पुणेरी बोलायच्या. चिडल्या किंवा हळव्या झाल्या की मात्र पवन मावळ तोंडात यायचा. आम्ही बोलण्यावरूनच ओळखायचो, आज कसं वारं आहे ते.

नाडी मोजायची त्यांची रीत एकच होती. उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ. तीन बोटं पेशंटच्या मनगटावर ठेवायच्या, घड्याळाकडे एकदा बघायच्या आणि मग पूर्ण एक मिनिट गप्प. साठ सेकंद. आता हे ऐकायला काही मोठं वाटत नाही. पण वीस खाटा असल्या, तापही बघायचा असला, औषधं वाटायची असली आणि दहाच्या आत सगळे चार्ट भरून डॉक्टरांपुढे ठेवायचे असले, तर कुठली नर्स मिनिटभर थांबते? आम्ही सगळ्या पंधरा सेकंद मोजायचो आणि चाराने गुणायचो. एकवीस ठोके, चोक चौऱ्याऐंशी. लिहिलं, पुढची खाट.

एकदा त्यांनी आमचे आठवड्याचे चार्ट टेबलावर पसरले. आम्ही चौघी समोर उभ्या.

"बहात्तर, शहात्तर, चौऱ्याऐंशी, ऐंशी, अठ्ठ्याऐंशी," त्या वाचत गेल्या. "काय गं, खंडाळ्यातली समदी काळजं चारच्या पाढ्यात धडधडत्यात व्हय? येकाचं बी त्र्याऐंशी न्हाई? येकाचं बी एकोणऐंशी न्हाई?"

आम्ही फिदीफिदी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"भवान्यांनो, पंधरा सेकंद कुणीबी सरळ चालून दावतं. लंगडा बी दावतो. मिनिटभर चालव त्याला, मंग कळतंय पाय कुटं टाकतो ते."

त्यानंतर चार दिवस आम्ही इमानेइतबारे मिनिट मोजलं. पाचव्या दिवशी परत पाढा सुरू झाला. सवय ही सवयच असते.

त्या मिनिटात त्यांना काय कळायचं, हे मला पहिल्यांदा समजलं एका कापडवाल्या शेटजींच्या वेळी. मुंबईचे, गोरेपान, खुशालचेंडू. आल्या दिवसापासून बाकीच्यांना जमवून रमीचा डाव मांडून बसलेले. सिस्टरांनी मनगट धरलं, मिनिट झालं, सोडलं नाही, दुसरं मिनिट झालं. शेटजी म्हणाले, "काय बहेनजी, हात मागायचा विचार आहे काय?" सगळा वॉर्ड हसला. सिस्टर तडक डॉक्टरांच्या खोलीत. मी मागोमाग, कारण मला भोचकपणा पहिल्यापासून.

"आठ नंबरची नाडी ठेचकाळतेय. मिनिटात तीन वेळा. काल एकदा होती."

डॉक्टर बापटांनी ईसीजीचं मशीन नेऊन कागदाची पट्टी काढली. रेघ अगदी शिस्तीत. "बघा सिस्टर, काही नाही. उगाच पंचांग कशाला उघडता?"

"मशीन किती वेळ बघतं, डॉक्टर?"

"दहा-पंधरा सेकंद."

"मी दोन मिनिटं बघितलंय."

डॉक्टर हसले. पण माणूस सज्जन होता. म्हणाले, बरं, लक्ष ठेवा. सिस्टरांनी काय केलं, तर ऑक्सिजनचा सिलिंडर ओढत आणून आठ नंबरच्या शेजारी उभा केला. केसपेपर चाळला. नाडी आवरायची एक गोळी मुंबईला ऑपरेशनच्या आधी बंद केलेली होती, ती परत सुरूच केली नव्हती, ते शोधून काढलं. लघवीच्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी अंगातले क्षार जातात म्हणून रोज शहाळं द्यायला लावलं. ड्रायव्हरला सांगून ठेवलं, लोणावळ्याला सिनेमाला जायचं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रमीचे पत्ते पिसता पिसता शेटजींचे हात थांबले, ओठ काळे पडले. काळीज दीडशेच्या वेगाने, ताल ना सूर. सगळं हाताशी होतं म्हणून ते वाचले.

तेव्हापासून राउंडला डॉक्टर हळूच विचारायचे, "केदारीबाई, आज कोण?" आणि त्या नुसत्या डोळ्यांनी खाट दाखवायच्या. ठेच, बारीक ताप, वय, बंद झालेली गोळी, या चार गोष्टींची त्यांच्या डोक्यात काहीतरी मांडणी होती. ती त्यांना सांगता यायची नाही आणि डॉक्टरांना लिहिता यायची नाही. 'सिस्टरना वाटतं' असं केसपेपरवर कसं लिहायचं, असं ते एकदा मला म्हणाले होते. म्हणून ते कुठे लिहिलंच गेलं नाही.

पण पेशंट आंधळे नसतात. दिवसभर खाटेवर पडून दुसरं काम काय त्यांना? बाई जास्त वेळ हात धरते आणि मग तो माणूस कोसळतो, एवढं त्यांनी बरोबर टिपलं आणि उलटं लावलं. एकीने सिस्टर येताना दिसल्या की नवऱ्याचे दोन्ही हात ब्लँकेटखाली घालून वर स्वतः बसायला सुरुवात केली. एक निवृत्त हेडक्लार्क मेट्रनबाईंना म्हणाले, "त्या काळ्या बाईला माझ्याकडे पाठवू नका. मला अजून जगायचंय."

हे सिस्टरांच्या कानावर गेलं. त्यानंतर त्यांनी एक केविलवाणी गोष्ट सुरू केली. ज्याची नाडी शंकास्पद वाटायची, त्याचा हात बरोबर साठाव्या सेकंदाला सोडायच्या, मग उशी सारखी करायच्या निमित्ताने परत धरायच्या, आणि संशय येऊ नये म्हणून गप्पा मारायच्या. गप्पा! ज्या बाईने जन्मात कुणाची विचारपूस केली नाही, ती लाकडासारखा चेहरा करून म्हणायची, "आज थंडी फार आहे, नाही?" मला हसू यायचं. आज येत नाही.

एवढं सगळं मी सांगतेय ते पुढच्या गोष्टीसाठी. ती टाळता आली असती तर टाळली असती.

त्यांचा धाकटा भाऊ गणपत लोणावळ्याला रेल्वेत फिटर होता. चाळीस-बेचाळीसचा असेल. उंच, मिशाळ, बोलका. बहिणीच्या अगदी उलट. छातीत दुखायला लागलं, रेल्वेच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं, बायपास झाली, आणि सोळाव्या दिवशी सिस्टरांनीच खटपट करून त्याला आमच्याकडे आणला. त्या वर्षी थंडी कडक होती. गणपत माकडटोपी आणि मफलर गुंडाळून खाटेवर बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऑपरेशनची हकिगत सांगायचा.

"आमच्या शेडात बी ह्योच धंदा," तो म्हणायचा. "एका डब्याचा पाइप काडायचा, दुसऱ्याला बशिवायचा. फकस्त डबा वरडत न्हाई."

त्याची बायको हौसा रोज लोणावळ्याहून डबा घेऊन यायची. पस्तिशीची असेल, भित्री, सोशिक बाई. पहिल्याच दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर तिच्या शेजारी कुणी तरी मुंबईवाली बसली आणि तिने हिच्या कानात विष ओतलं, की ती जी काळी नर्स आहे ना, तिला हात लावू देऊ नका. मुंबईवालीला काय ठाऊक की ही त्या काळ्या नर्सची भावजय आहे.

संध्याकाळी ड्यूटी संपवून सिस्टर भावाकडे निघाल्या तेव्हा हौसाने त्यांना व्हरांड्यातच अडवलं. मी औषधांचा ट्रे घेऊन दारात होते.

"वन्सं, राग मानू नका. तुमच्या पाया पडते. ह्येंच्या हाताला हात लावू नका."

सिस्टर तिच्याकडे बघतच राहिल्या. "का गं?"

"लोक काय म्हनत्यात, तुमाला ठावं हाय."

"लोक म्हनत्यात. आन् तुला काय वाटतं?"

"मला काय बी वाटत न्हाई, वन्सं. मला निस्तं भ्या वाटतं. मला दोन पोरी हायेत." आणि ती खरंच खाली वाकली.

सिस्टरांनी तिला दंडाला धरून उभं केलं. मग म्हणाल्या, "बरं. न्हाई लावत. शब्द दिला."

मला वाटलं, हा काय शब्द! हौसा लोणावळ्याला गेली की धरतील मनगट. कोण बघतंय? पण नाही. मावळातल्या माणसाचा शब्द, त्यातून केदारी सिस्टरांचा. रोज ड्यूटी संपली की त्या गणपतच्या खाटेपासून दोन हात लांब स्टूल ओढून बसायच्या. तो चिडवायचा, "आक्का, सगळ्या खंडाळ्याची नाडी बघतीस, आन् माझीच का न्हाई? मी काय म्हारोगी हाय का?" त्या म्हणायच्या, "तुझी बघायला हाय की शालन." शालन म्हणजे मी. त्या वॉर्डाचं काम माझ्याकडे होतं. गळ्याची शीर लांबून दिसते, तिच्यावरूनही त्यांना काही कळलं असतं. पण तिथे मफलर. मग त्या खाटेच्या पायथ्याला लटकवलेला चार्ट बघायच्या. रोज. मी लिहिलेला.

चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पकडलं. वॉर्डबॉय, आया, दोन पेशंटचे नातेवाईक, सगळे होते. "शालन, ह्यो काय चार्ट हाय का चारचा पाढा? सतरा-अठरा वर्सं झाली तुला. लाज कशी वाटत न्हाई? गणपा दमतोय. बशी तोंडाला लावतो आन् मदीच थांबतो. अंगात कणकण हाय. आन् तू पंधरा सेकंद मोजून पळतीस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधीच फटकळ स्वभाव, त्यात चारचौघांत पाणउतारा. त्या आठवड्यात एक नर्स लग्नाला गेली होती, दोन वॉर्ड माझ्या एकटीच्या गळ्यात. मी काही तरी उर्मट बोलले असणार, कारण त्या एकदम नरमल्या. मला बाजूला घेतलं. आवाज खाली आला.

"मला हात लावता येत न्हाई गं. तुला माहीत हाय. माझ्याऐवजी तू लाव. पुरं एक मिनिट. माझ्यासाठी म्हणून."

मी "हो" म्हटलं.

आणि मी काय केलं ते आता लिहिते. गणपतचं मनगट धरलं, पंधरा सेकंद मोजले, बावीस आले. अठ्ठ्याऐंशी. पेन उचललं आणि मनात म्हटलं, अठ्ठ्याऐंशी लिहिलं की परत बोलणी बसणार. मी सत्त्याऐंशी लिहिलं. शेजारी 'नियमित' असं लिहिलं. संध्याकाळी शहाऐंशी लिहायला गेले, मग म्हटलं नको, सारखं वाटेल, एकोणनव्वद. दुसऱ्या दिवशी पंच्याऐंशी. नियमित, नियमित, नियमित. पाढ्यात न बसणारे आकडे निवडायला मला जेवढा विचार करावा लागला, तेवढ्या वेळात मिनिट मोजून झालं असतं.

सिस्टरांनी चार्ट पाहिला. दुसऱ्या दिवशी परत पाहिला. त्यांचा चेहरा असा सैल पडलेला मी कधीच पाहिला नव्हता. तरी डॉक्टरांकडे जाऊन बोलल्याच, की भाऊ दमतोय. डॉक्टर म्हणाले, "चार्ट बघा ना सिस्टर. मिनिट मोजलेला दिसतोय, नियमित आहे. पट्टीही आल्या दिवशी चांगली होती. भावाच्या बाबतीत तरी नर्स होऊ नका, बहीण व्हा." त्यांनी ते ऐकलं. त्या दिवशी दुपारी आमच्याबरोबर बसून जेवल्या, आणि ताट पुसून जेवल्या.

संध्याकाळी माझ्या खोलीत आल्या. हातात कापडी पिशवी. "घरचा आंबेमोहोर हाय, नवा. पायलीभर दिलाय भावकीनं, तू ठेव." मी नको नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "ठेव गं. तू माझं लय मोठं काम केलंस." मी पिशवी घेतली. तो भात मी शिजवला आणि खाल्ला. वास सगळ्या क्वार्टरभर पसरला होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता, चहाच्या वेळी, गणपत काहीतरी सांगत होता. हौसा खाटेशी बसली होती. बोलता बोलता त्याचे शब्द जड झाले, बशी खाली पडली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि उजवा हात नुसता मांडीवर पडून राहिला. मी धावले. मनगट धरलं. त्यात कसलाच ताल नव्हता. दोन पटापट, मग काहीच नाही, मग एक, मग चार. मशीन नको होतं, पट्टी नको होती. कुठल्याही पोरीला कळलं असतं.

डॉक्टर आले. काळीज थरथरत राहिलं की त्यात रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाते, हे त्यांनी हौसाला सांगायचा प्रयत्न केला. तिला ते ऐकूच जात नव्हतं. सिस्टर बायकांच्या वॉर्डातून पळत आल्या आणि खाटेपासून दोन हातांवर थांबल्या. तिथेच उभ्या. शब्द दिला होता ना!

हौसाने मागे वळून पाहिलं. उठली, सिस्टरांचा हात धरला, ओढत आणला आणि आपल्या हाताने नवऱ्याच्या मनगटावर ठेवला.

"धरा वन्सं. आता धरा. सोडू नका."

त्यांनी सोडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गणपत गेला तोवर, उठायला लागलं तेवढं सोडून, त्यांची बोटं तिथेच होती. मोजत होत्या की नुसता धरला होता, मला माहीत नाही. विचारलं नाही.

तेरावं झालं आणि सिस्टरांनी राजीनामा दिला. थकले, एवढंच कारण लिहिलं. डॉक्टरांनी खूप समजावलं. मी दाराबाहेर उभी होते. आत जावं, पाय धरावेत, सांगावं, असं हजारदा मनात आलं. मग वाटायचं, आता सांगून गणपत परत येणार आहे का? उलट त्यांचं दुःख दुप्पट होईल. माणूस स्वतःला वाचवताना दुसऱ्याची काळजी करण्याचं किती सुंदर नाटक करतो! नोकरी जाईल ही भीती होती, दुसरं काही नव्हतं. त्या ट्रंक घेऊन गेल्या. मी फाटकापर्यंत पोचवायला गेले. माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या.

पुढची दोन-तीन वर्षं मी रोज, प्रत्येक पेशंटची नाडी पूर्ण मिनिट मोजली. त्यात मोठेपणा काही नाही. ठेचा मलाही लागायला लागल्या. पण ठेच लागलेलं कुणाचं काळीज सावरणार आणि कुणाचं ताल सोडून पळणार, हे मला कधी ओळखता आलं नाही. ती विद्या त्यांच्याबरोबर गेली. एका मास्तरांचं असंच झालं, अगदी धडधाकट वाटत होते, अंगणात फिरता फिरता गेले. डॉक्टर बापट त्या दिवशी खुर्चीत बसून स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "केदारीबाई असत्या तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि कामशेतहून पवनानगरची एसटी धरली.

धरणाच्या अलीकडे नव्याने वसलेल्या वस्तीत पत्र्याचं घर होतं. हौसा आणि तिच्या पोरी त्यांच्याजवळच राहायच्या. हौसा शेतावर गेली होती, पोरी शाळेत. सिस्टर अंगणात भात पाखडत होत्या. केस पांढरे झालेले, मनगट मोकळं, घड्याळ नाही. मला पाहून मनापासून हसल्या. बसायला घोंगडं टाकलं.

तेवढ्यात शेजारचा एक म्हातारा काठी टेकत आला. "बाय, जरा हात बग की माजा. रातच्याला काळीज लय उडतं."

"आबा, मला त्यातलं काय बी कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "कामशेतला दवाखान्यात जावा."

म्हातारा गेला. मी म्हटलं, "असं का सांगितलंत?"

सूप खाली ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, "खरं तेच सांगितलं गं. आयुष्यभर मला वाटत होतं, मिनिटभर मोजलं की कळतं. मोठी शहाणी! गणपाची तू मिनिटभर मोजलीस. एकदा न्हाई, तीन-चार डाव. समदी सरळ. तरी तो गेला. म्हंजे त्या मिनिटात कायबी नसतं. माझे आधीचे निस्ते योगायोग. लोक म्हनत व्हते तेच खरं असंल, माझा हातच वाईट. मंग कशाला कुणाचा धरू?"

मी गप्प बसू शकले असते. तिथपर्यंत जाऊनही बसू शकले असते. पण सांगितलं. पंधरा सेकंद, बावीस ठोके, सत्त्याऐंशी. सगळं. आंबेमोहोराचंही सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पुन्हा सूप उचलून पाखडायला लागल्या. दाणे खाली पडत होते, तरी पाखडत होत्या. मग आत गेल्या, चहा केला, माझ्यापुढे ठेवला. स्वतः घेतला नाही. मी कसाबसा प्याले. म्हणाल्या, "तुझ्या येस्टीची येळ झाली." आणि माझ्याबरोबर थांब्यापर्यंत चालत आल्या. वाटेत एक शब्द नाही. मला वाटलं, संपलं, याहून जास्त शिक्षा आता नाही.

गाडी आली. मी खिडकीशी बसले. त्या खाली उभ्या होत्या, खिडकीच्या गजाला धरून.

"शालन," त्या म्हणाल्या, "मंग खरी किती व्हती?"

"काय, सिस्टर?"

"गणपाची. पुऱ्या मिनिटाची. ठेचा किती व्हत्या?"

"मी मोजलीच नव्हती, सिस्टर."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली. त्यांनी गज सोडला नाही, गाडीबरोबर चालायला लागल्या, मग भरभर, मग जवळजवळ पळत. "अंदाजानं तरी सांग. येखादी तरी ठेच लागली आसंल की बोटाला! येक का दोन? आठव गं, शालन, आठव!"

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. गाडीने वेग घेतला तसा त्यांचा हात सुटला. रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून त्या अजून काहीतरी विचारत होत्या, ते मला ऐकू आलं नाही.